डाव्या हाताचा नेम

ज्वारी दाण्यावर आली, की पूर्वी आर्णीच्या शिवारात पाखरे राखण्यासाठी मुले गोफण घेऊन माळ्यावर बसत. उजव्या हाताने अचूक गोटा फेकणाऱ्या मुलाने तीच गोफण डाव्या हाती घेतली, तर गोटा भलतीकडेच जाई. डोळे तेच, मन तेच. परंतु त्या हाताला ती विद्या ठाऊक नसे. हंगेरी देशातील एका सैनिकाला ही विद्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवावी लागली. त्याचे नाव कारोय ताकाच.

ताकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्ट येथे झाला. सैन्यात असताना तो पिस्तुलाचा निष्णात नेमबाज बनला. तथापि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. तो सार्जंट होता आणि संघात केवळ अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता! पुढे हा नियम रद्द झाला. पण १९३८ मध्ये सरावाच्या वेळी एक सदोष हातबाँब त्याच्या हातातच फुटला. उजवा हात, त्याचा नेमाचा हात, निकामी झाला.

सुमारे एक महिना रुग्णालयात काढल्यावर ताकाचने डाव्या हाताने गुपचूप सराव आरंभिला. हे काम किती कठीण, हे समजण्यासाठी पिस्तूल कसे रोखतात ते पाहिले पाहिजे. नळीच्या टोकावर माशी असते आणि मागे एक खाच. दोहोंमध्ये सुमारे २० सेंटिमीटर अंतर असले आणि माशी खाचेत केवळ १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवरील लक्ष्यावर गोळी १२ सेंटिमीटरांहून अधिक चुकते.

चूक कोठे आहे, हे लक्ष्यावरील छिद्रे सांगतात. छिद्रे एकमेकांलगत, परंतु मध्यापासून दूर असली, तर माशी किंवा खाच किंचित सरकवून भागते. ती इतस्ततः विखुरली, तर दोष बहुधा हाताचा असतो. बार उडण्याच्या धास्तीने मनगट आधीच झुकते, किंवा बोट चाप सरळ मागे न ओढता हिसडते. मग उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. डाव्या हाताच्या नेमबाजाची खाली उजवीकडे. म्हणजे वर्षानुवर्षे पाठ झालेले निदानही ताकाचला उलटे वाचावे लागले असणार! रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना माशी हलते का, हे पाहत राहणे हा या दोषावरचा जुना उपाय. त्याला कंटाळा न करता पुष्कळ दिवस द्यावे लागतात.

१९३९ च्या वसंत ऋतूत राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी ताकाच दिसला, तेव्हा तो केवळ पाहावयास आला असावा, असे इतरांना वाटले. त्याने डाव्या हाताने ती स्पर्धा जिंकली. पण लवकरच दुसरे महायुद्ध पेटले. १९४० व १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ताकाच उतरला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. शीघ्र नेमबाजीच्या त्या स्पर्धेत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडावयाच्या असतात; प्रथम ८ सेकंदांत, मग ६ आणि अखेर अवघ्या ४ सेकंदांत. एवढ्या घाईतही बोटाने हिसडा देता कामा नये. ताकाचने ६०० पैकी ५८० गुण मिळवून जागतिक विक्रम केला व सुवर्णपदक पटकावले. अर्जेंटिनाचा जगज्जेता साएंझ व्हालिएंते ५७१ गुणांसह दुसरा आला.

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये ताकाचने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. या खेपेस त्याचे गुण ५७९ होते. त्याचा तरुण देशबांधव सिलार्ड कून ५७८ गुण मिळवून दुसरा आला. कूनलाही ताकाचचे मार्गदर्शन लाभले होते.

५ जानेवारी १९७६ रोजी ताकाचचे निधन झाले.