कुरआनासाठी एक वर्ष देणारा सत्याग्रही

मीरा रोड आणि भाईंदरमधल्या कितीतरी घरांत गणपतीची मूर्ती पेणहून येते. त्याच पेण तालुक्यातल्या गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. गांधीजींच्या आश्रमात त्यांचे विनोबा झाले आणि तेच नाव पुढे देशाला माहीत झाले. भूदानाची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांनीच वाचलेली असते. पण रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. या महिन्यात विनोबांच्या आयुष्यातले दुसरे एक पान उघडून पाहायला हवे.

वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, म्हणून मुलाचे शिक्षण तिथे झाले. गणित आवडते, पण परीक्षांवर विश्वास नाही, असा हा मुलगा. आपली प्रमाणपत्रे त्याने आईच्या चुलीत घातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि थेट काशीला निघून गेला. तिथे गांधीजींच्या एका भाषणाची हकीगत वाचली, पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवले. पुढचे सगळे आयुष्य वर्धा आणि पवनार यांच्याभोवतीच गेले.

आईला संस्कृत येत नव्हते. गीता मराठीत हवी, असे तिने मुलाला सांगितले होते. ती १९१८ मध्ये गेली. ‘गीताई’ लिहून झाली ती १९३१ मध्ये. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली.

आईला तिच्या भाषेत धर्मग्रंथ देणारा हा माणूस शेजाऱ्याचा ग्रंथ मात्र शेजाऱ्याच्याच भाषेत वाचायला बसला. १९३८ मध्ये प्रकृती खालावल्यावर ते धाम नदीकाठी पवनारला राहायला आले. त्याच सुमारास कुरआनाचा अभ्यास सुरू झाला. आधी भाषांतरे वाचून पाहिली, पण त्यावर समाधान होईना. मग चाळिशी उलटलेल्या विनोबांनी अरबी लिपीची पहिली अक्षरे गिरवली. घशातून येणारे वर्ण मराठी जिभेला सहज साधत नाहीत. मदरशात बसलेल्या कुठल्याही लहान मुलाला हे ठाऊक असते. विनोबा ते घोकत राहिले. मौलाना आझाद वर्ध्याला आले असताना गांधीजींनी विनोबांना तिलावत करायला सांगितले आणि ते उच्चार ऐकून मौलाना चकित झाले, अशी आठवण सांगितली जाते.

हा अभ्यास पंडिताचा छंद नव्हता, हे १९४० मध्ये दिसले. आदल्या वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढले होते. या युद्धाला माणूस किंवा पैसा देणे चूक आहे, एवढेच सांगत तुरुंगात जायचे, असा वैयक्तिक सत्याग्रह गांधीजींनी ठरवला. पहिला सत्याग्रही कोण, यावर देशभर तर्क चालले होते. नाव निघाले विनोबांचे; जवाहरलाल नेहरू दुसरे. वर्ध्याबाहेर फारसे कोणी ओळखत नसलेल्या या माणसाची ओळख गांधीजींनी लेख लिहून करून दिली. सूतकताई, संस्कृत, अस्पृश्यतानिवारण यांबरोबर त्यात आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली होती. मूळ कुरआन वाचण्यासाठी विनोबांनी वर्ष दिले, अरबी शिकले, आणि ते केले आसपास राहणाऱ्या मुसलमानांशी जिवंत नाते जुळावे म्हणून. युद्धाला नाही म्हणणाऱ्या माणसाची लायकी सांगताना गांधीजींना हे सांगावेसे वाटले!

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला पहिले भाषण केले. चार दिवसांनी अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटले की पुन्हा बोलायचे आणि पुन्हा आत जायचे, असे चालले. १९४२ च्या आंदोलनात पुन्हा पकडले, ते १९४५ पर्यंत वेल्लोर आणि सिवनीच्या तुरुंगांत होते. वेल्लोरला दक्षिणेच्या भाषा शिकून घेतल्या.

स्वातंत्र्य आले ते फाळणी घेऊन. अलवर, भरतपूर, गुडगाव भागातल्या मेव मुसलमानांना घरे सोडावी लागली. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजी घासेडा गावी जाऊन त्यांना थांबायची विनंती करून आले होते. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली. ते अर्धे राहिलेले काम विनोबांनी उचलले. मेवातात फिरून उखडलेल्या कुटुंबांना पुन्हा वसवण्यासाठी ते झटले. हे काम सोपे नव्हते, कारण सोडलेल्या जमिनींवर दुसरे लोक बसले होते. १९४८ मध्येच अजमेरच्या उरुसालाही ते जाऊन आले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. तिथून तेरा वर्षांची पदयात्रा सुरू झाली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने मिळाली. त्यातली बरीच पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही.

याच पदयात्रेत, १९६२ मध्ये, कुरआनातल्या हजारभर आयती विषयवार लावून केलेले ‘रूहुल कुरआन’ हे संकलन आले. ग्रंथ अखंड आहे, त्यातून निवड करणारा हा कोण, हा प्रश्न श्रद्धाळू मुसलमानाला पडणे स्वाभाविक होते. पण पाकिस्तानातल्या काही वर्तमानपत्रांनी पुस्तक हाती येण्याआधीच टीकेची झोड उठवली. त्या सप्टेंबरात विनोबा पूर्व पाकिस्तानात शिरले, दोन आठवड्यांहून अधिक काळ पायी फिरले आणि तिथल्या शेतकऱ्यांकडेही भूमिहीनांसाठी जमीन मागितली. ती मिळालीही.

उत्तरायुष्य मात्र त्यांच्या चाहत्यांनाही अवघड जाते. आणीबाणीत ते वर्षभराच्या मौनात होते. त्या काळात लिहिलेल्या एका शब्दप्रयोगाचा अर्थ सरकारला पाठिंबा असा घेतला गेला आणि सत्ताधाऱ्यांनी तो भिंतींवर रंगवला. एप्रिल १९७९ मध्ये देशभर गोवंशहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून देवनार कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. देवनार इथून फार लांब नाही. तिथे ज्यांची रोजीरोटी होती त्या कुरेशी घरांना विनोबांची ओळख झाली ती अशी. अरबी शिकलेले विनोबा आणि हे विनोबा एकच होते. मेवातातले काम मोजताना ही बाजू झाकून ठेवता येत नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणे थांबवले. लोकांनी विनवण्या केल्या, त्यांनी ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सकाळी, पवनारच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला.