मोतीबिंदूने रंग हिरावले, तरी मोने चित्रं काढत राहिले

क्लोद मोने यांच्या पत्नी १९११ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी मोतीबिंदूचं निदान केलं. १९१४ मध्ये थोरला मुलगाही गेला. त्याच वर्षी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या आपल्या बागेतलं वॉटर लिलीचं तळं त्यांना भिंतभर रंगवायचं होतं.

मोने पहाटेच उठायचे. तळं स्वच्छ ठेवायला वेगळा माळी होता. विधवा सून ब्लांश घर आणि सासऱ्यांना सांभाळायची.

पुढे रंगच नीट ओळखू येईनात. मग मोने ट्यूबवरची नावं बघून रंग घ्यायचे, पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरलेली असायची. मनासारखं उतरलं नाही की ते कॅनव्हासच नष्ट करायचे.

१९१८ मध्ये महायुद्ध थांबलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंतप्रधान असलेले मित्र क्लेमांसो यांना पत्र लिहून चित्रं देशाला देऊ केली. क्लेमांसो यांच्याच आग्रहामुळे १९२३ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं.

तरी समाधान होईना. जिवंत असेपर्यंत त्यांनी ती चित्रं हातातून सोडली नाहीत. ५ डिसेंबर १९२६ ला मोने गेले. १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत ही चित्रं लोकांसाठी खुली झाली. ते बघायला मोने नव्हते.