पुतळ्याच्या आतला इंजिनिअर

आयफेल म्हटलं की टॉवर आठवतो. मला मात्र त्यांचं पुतळ्याच्या आत लपलेलं काम जास्त आवडतं.

१८३२ साली फ्रान्समधील दिजाँ येथे जन्मलेले गुस्ताव्ह आयफेल रेल्वेचे पूल बांधता बांधता वारा ओळखायला शिकले. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा त्यांच्या कंपनीने लोखंडी पट्ट्यांवर असा बसवला, की उन्हावाऱ्यात तो थोडा सरकू शकेल. १८८६ साली पुतळा उभा राहिला. तांब्याला चिकटलं की लोखंड लवकर गंजतं, म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉस घातलं होतं.

१९२३ साली आयफेल वारले. पुढे ॲस्बेस्टॉस झिजलं, पट्ट्या गंजल्या आणि १९८६ पर्यंत त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

तेव्हा मित्रांनो, स्मारकाची उंची ठरवण्याआधी एवढंच विचारू या: शंभर वर्षांनी आत शिरून दुरुस्ती करता येईल ना?