रुडॉल्फ डिझेल : इंजिनाच्या नावामागचा माणूस

आलिशान एसयूव्ही घ्यायची ठरली की घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो : डिझेल घ्यायची की पेट्रोल? मग महिन्याचे किलोमीटर, लिटरचा भाव आणि सर्व्हिसिंगचा खर्च यांचे हिशेब कागदावर मांडले जातात. या आकडेमोडीत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पेट्रोल हे एका पदार्थाचे नाव आहे आणि डिझेल हे एका माणसाचे. या माणसाने आपले इंजिन घडवले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने होते ते वाफेचे इंजिन. आपले इंजिन बसवलेली मोटारगाडी बाजारात आलेली पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर होते आणि घरची स्थिती बेताचीच होती. पॅरिसच्या तंत्रविषयक संग्रहालयात कुन्योची अठराव्या शतकातील वाफेची गाडी ठेवलेली होती. लहानग्या रुडॉल्फचे त्या संग्रहालयात वरचेवर जाणे-येणे असे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फची पाठवणी मात्र जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातलगांकडे झाली. तेथे गणित शिकवणाऱ्या काकांच्या घरी राहून तो शिकला आणि वर्गात पहिला येत गेला. शिष्यवृत्तीच्या बळावर त्याने म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळवला.

तेथे त्यांना गुरू भेटले ते कार्ल फॉन लिंडे. शीतकरणाच्या शास्त्रातील हे थोर नाव. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांपर्यंतच उष्णता कामी लावते, उरलेली वाया जाते, हे लिंडे यांच्या वर्गात कळले आणि ही उधळपट्टी तरुण डिझेल यांच्या मनात कायमची सलत राहिली. ऐन परीक्षेच्या वेळी ते विषमज्वराने आजारी पडले. पण १८८० मध्ये परीक्षा दिली ती अत्युच्च गुण मिळवूनच. त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या व्यवसायात काढली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग, असा क्रम होता. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन बनवण्याचा त्यांचा प्रयत्न कित्येक वर्षे चालला आणि अखेर फसला. याच काळात १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन मुले झाली.

यशाची वाट सापडली ती एका साध्या निरीक्षणातून. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे आपण सर्वांनी अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबावी, की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेट घेईल! १८९२ मध्ये त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचा सैद्धांतिक ग्रंथही प्रसिद्ध झाला. आउग्सबुर्ग येथील यंत्रनिर्मिती कारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुझ यांनी त्यांना प्रयोगासाठी जागा आणि माणसे दिली. क्रुप या पोलाद उद्योगाने पैसा पुरवला.

शोरूममधील त्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या दाबातच दडलेले आहे, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. आजच्या पेट्रोल इंजिनात सिलिंडरमधील मिश्रण साधारण दहा-बारा पट दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये नुसती हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते. जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामी लागतो. टर्बोचार्जर जोडलेले डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोरकस पीळ देते. दोन टनांहून जड एसयूव्ही सात माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढते, तेव्हा हाच पीळ उपयोगी पडतो. पण दाबाचे पैसेही मोजावे लागतात. इंजिनाचा सांगाडा भक्कम, म्हणून जड आणि महाग होतो. त्याला धडधड आणि कंप अधिक असतो. तापमान जास्त आणि सिलिंडरमध्ये हवा मुबलक, त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडे तयार होतात. इंधन हवेत पुरते न मिसळता जळाले, की काजळी उरते. ती अडवणारा फिल्टर वेळोवेळी तापून स्वच्छ व्हायचा, तर गाडी सलग आणि वेगात धावावी लागते. रोज दादरहून वांद्रे-कुर्ला संकुलात रखडत जाणाऱ्या आणि वर्षातून एकदाच कोल्हापूर गाठणाऱ्या माणसाला, गाडी कितीही मोठी असो, माझ्या मते पेट्रोलच बरे. महिन्यातून चार वेळा घाट ओलांडणाऱ्याचा हिशेब निराळा.

आउग्सबुर्गमध्ये मात्र प्रारंभी इंजिन चालायलाच तयार नव्हते. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. गंमत अशी, की या पहिल्यावहिल्या ‘डिझेल’ इंजिनात त्या दिवशी इंधन म्हणून पेट्रोलच वापरले होते. यंत्र मोडले, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते एवढे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन आपल्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत मोजमाप केले. तीन मीटर उंचीचे, जवळपास २० अश्वशक्तीचे ते इंजिन रॉकेलवर चालत होते आणि इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करत होते.

देशोदेशींचे कारखानदार परवान्यांसाठी धावत आले. अमेरिकेतील हक्कांसाठी बिअर उद्योगपती अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. वयाच्या चाळिशीत डिझेल लक्षाधीश झाले आणि म्युनिकमध्ये त्यांनी प्रासादतुल्य बंगला बांधला. मात्र प्रकृती ढासळली. १८९८ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी आरोग्यधामात राहावे लागले. दुसरीकडे पेटंटवरून वाद उसळले. पेटंटात वर्णिलेली ज्वलनाची पद्धत आणि प्रत्यक्ष चालणारे इंजिन यांत अंतर होते, हा विरोधकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. सिद्धांतात मांडलेला प्रचंड दाब व्यवहारात साधणारा नव्हता. त्यांना तडजोड करावी लागली होती. पण चालणारे यंत्र जगापुढे ठेवले ते त्यांनीच. टीका त्यांच्या फार जिव्हारी लागे. जमिनींचे व्यवहार आणि तेलविहिरींतील गुंतवणूक अंगलट आली. यंत्रातील उष्णतेचा कणन्‌कण मोजणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब ठेवता आला नाही.

त्यांचे मूळ स्वप्न तर वेगळेच होते. वाफेची अवाढव्य इंजिने बड्या भांडवलदारालाच परवडत. लहान, काटकसरी इंजिन हाती आले तर वडिलांसारखा छोटा कारागीर कारखान्यांपुढे टिकून राहील, अशी त्यांची धारणा होती. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारी संघटनेविषयी एक पुस्तकही लिहिले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. वसाहतींमधील शेतकऱ्याला आपल्याच शेतातून इंधन मिळू शकेल, या शक्यतेत पुढे डिझेल यांनाही रस वाटू लागला. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ची इंजिने विहिरीवर बसली आणि मोटेचे बैल सुटले, तेव्हा या स्वप्नाचा एक तुकडा खरा झाला, असे म्हणायला हरकत नसावी.

त्यांच्या हयातीत हे इंजिन वीजकेंद्रांत, पाणबुड्यांत आणि जहाजांत पोचले. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे डॅनिश जहाज महासागर ओलांडून गेले. मोटारगाडीत मात्र ते मावेना. इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि त्याचे ओझे जहाजालाच पेलणारे होते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी डिझेल अँटवर्प बंदरात ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर चढले. लंडनला एका कंपनीची बैठक होती. सोबत्यांबरोबर जेवण झाले, सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन ते दहाच्या सुमारास खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कोणी निजल्याची खूण नव्हती. कोट आणि टोपी डेकवर कठड्यापाशी सापडली. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडून दिला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे मुलगा ऑयगेन याने ओळखले.

त्यांचा खून झाला, तेलसम्राटांनी किंवा हेरांनी त्यांचा काटा काढला, अशा कथा वृत्तपत्रांनी पुढे अनेक वर्षे रंगवल्या. पण निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीच्या हाती एक बॅग देऊन ती आठवडाभराने उघडण्यास सांगितले होते. तिच्यात दोन लाख मार्क रोख आणि बँकेतील खाती जवळजवळ रिकामी झाल्याचे दाखवणारे कागद निघाले. हे पाहता आत्महत्येचीच शक्यता अधिक वाटते.

गाडीचा प्रश्न सुटायला आणखी काही वर्षे जावी लागली. बॉश कंपनीचा इंधन फवारणारा पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि कॉम्प्रेसरचे ओझे गेले. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची ‘२६० डी’ ही डिझेलवर चालणारी मोटारगाडी बर्लिनच्या प्रदर्शनात झळकली. ४५ अश्वशक्तीची ही गाडी प्रथम पसंतीस उतरली ती टॅक्सीवाल्यांच्या. श्रीमंतांच्या वाहनतळात डिझेलला मान मिळाला तो फार पुढे. त्यालाही दृष्ट लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची धुराच्या चाचणीतील लबाडी उघड झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरील क्षमतेच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का शुल्क भरण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. ग्राहक तोवर पेट्रोलकडे वळू लागलेच होते.

ऑयगेन पुढे लेखक झाला. ‘२६० डी’ आली, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने लिहिलेले वडिलांचे चरित्र प्रसिद्ध झाले.