जिजाऊंचा वाडा सगळे बघतात, पण त्यांच्या वडिलांची समाधी पाहिलीत का?

बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा म्हटलं की जिजाऊ आठवतात. १२ जानेवारीला तर इथे पाय ठेवायला जागा नसते. पण १५९८ साली जिजाऊ जिथे जन्मल्या, तो राजवाडा होता लखुजीराव जाधवांचा.

देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं हे घराणं. सिंदखेडची देशमुखी लखुजींकडे होती आणि निजामशाहीतले ते मातब्बर सरदार होते. मोती तलाव, पुतळा बारव, जाड दगडी भिंतींचा काळाकोट बघितला की जाधवांचं वैभव काय असेल, याचा अंदाज येतो.

पण तो काळ मोठा बेभरवशाचा. एकीकडे निजामशाही, दुसरीकडे मोगल. मराठा सरदार ज्या बाजूला जाईल, ते पारडं जड व्हायचं. लखुजी मधल्या काळात मोगलांकडे गेले आणि पुढे निजामशाहीत परतले. संशय मात्र कायम राहिला.

जुलै १६२९. निजामशहाने त्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर भेटीला बोलावलं आणि दगा केला. लखुजी, अचलोजी आणि राघोजी ही त्यांची मुलं, नातू यशवंतराव, सगळे एकाच दिवशी मारले गेले.

जिजाऊंचं माहेर असं उद्ध्वस्त झालं. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. दुसऱ्याच्या दरबारात कितीही मोठं झालं तरी जीव त्याच्याच हातात असतो, हे जिजाऊंनी घरातच पाहिलं होतं.

लखुजींची भव्य दगडी समाधी सिंदखेड राजातच आहे. राजवाड्यासमोर फोटो काढून झाला की तिथेही नक्की जा.