समाधी की आजार? अविलाच्या संत तेरेजाची जीवनकहाणी

ऑक्टोबर महिना आला की दोन तेरेजांचे सण येतात. १ तारखेला लिझ्यूची लहान तेरेजा आणि १५ तारखेला अविलाची थोर तेरेजा. पुष्कळांचा यात गोंधळ होतो. मदर तेरेजांनी आपले नाव घेतले ते लहान तेरेजाचे. आज आम्ही सांगणार आहोत ती तिच्या आधी तीनशेहून अधिक वर्षे होऊन गेलेल्या स्पेनमधील तेरेजाची कहाणी. प्रार्थनेत तिचे भान हरपत असे आणि तिला दर्शने होत असत. त्यामुळे कोणी तिला संत म्हटले, कोणी सैतानाच्या कह्यात गेलेली म्हटले, तर पुढे डॉक्टरांनी रुग्ण ठरवले. या तीन नावांपैकी खरे कोणते? या प्रश्नाचा आपल्या घराशीही संबंध आहे. तो कसा, ते शेवटी पाहू.

बालपण आणि मठप्रवेश

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. तिचे वडील डॉन अलोन्सो हे अविला शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. मात्र घराण्यात एक लपवलेली गोष्ट होती. तिचे आजोबा ज्यू वंशाचे होते आणि १४८५ साली तोलेदो येथे धर्मन्यायासनाने त्यांना जाहीर प्रायश्चित्त करायला लावले होते. त्या काळच्या स्पेनमध्ये अशा घरातील माणसाकडे सगळे संशयाने पाहत. तेरेजाला आयुष्यभर सांभाळून बोलावे व लिहावे लागले, त्यामागे हेही कारण होते.

लहानपणी ती भाऊ रॉड्रिगो याला घेऊन घरातून पळाली होती. मुसलमानांच्या देशात जाऊन रक्तसाक्षी व्हायचे आणि थेट स्वर्गात जायचे, असा दोघांचा बेत होता. काकांनी दोघांना वाटेतच गाठून घरी आणले. वयात आल्यावर शूर सरदारांच्या कादंबऱ्या, चांगले कपडे आणि अत्तरे यांत ती रमली. १५२८ च्या सुमारास आई वारली. २ नोव्हेंबर १५३५ रोजी वडिलांची इच्छा नसताना ती अविलाच्या कार्मेल मठात दाखल झाली. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

चार दिवसांचे मरण

मठात दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच तिला गंभीर आजाराने गाठले. चक्कर, ताप, हृदयाजवळ कळा. वडिलांनी तिला बेसेदास गावी जडीबुटी देणाऱ्या एका बाईकडे नेले. त्या औषधांनी ती आणखीच खंगली. १५ ऑगस्ट १५३९ च्या रात्री तिची शुद्ध हरपली ती चार दिवस परत आली नाही. मठात तिच्यासाठी खड्डा खणून ठेवला गेला. डोळ्यांवर मेणबत्तीचे मेणही पडले होते. वडिलांनी मात्र तिला पुरू दिले नाही, म्हणून ती वाचली.

शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावून चावून जखमी झाली होती. अंग गोळा झाले होते आणि उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलत होते. सुमारे तीन वर्षे ती धड चालू शकत नव्हती. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले. हे बरे होणे संत योसेफाच्या मध्यस्थीने झाले, असे ती मानत असे. त्या महात्म्याची भक्ती तिने पुढे सर्वत्र पसरवली.

हा आजार कोणता होता? आजच्या डॉक्टरांपैकी काहींना तो अपस्मार, म्हणजे आपण ज्याला आकडी किंवा फेफरे म्हणतो तो वाटतो. काहींना जनावरांच्या दुधातून होणारा ब्रुसेला ताप वाटतो. चारशे-पाचशे वर्षांनंतर नक्की निदान करणे कठीण आहे. तिचे शरीर आजारी होते एवढे निश्चित, आणि तिने ते कधी लपवले नाही.

दर्शने आणि संशय

त्यानंतरची बरीच वर्षे तेरेजाचे आध्यात्मिक जीवन रखडत चालले होते. प्रार्थनेत मन लागत नसे. प्रार्थनेची वेळ कधी संपते याकडे तिचे लक्ष असे. १५५४ साली मठातील ख्रिस्ताच्या एका जखमी मूर्तीपुढे ती ढसाढसा रडली आणि तिथून तिचे जीवन बदलले. प्रार्थनेत तिला समाधी लागू लागली. श्वास मंदावे, हात थंड पडत, डोळे आपोआप मिटत. पुरते भान हरपण्याचा काळ थोडका असे, अर्ध्या तासाच्या आतला. प्रभू येशू जवळ असल्याची जाणीव होई, कधी त्याचे रूप दिसे. आपण शरीराच्या डोळ्यांनी काही पाहिलेले नाही, जे पाहिले ते आत्म्याच्या डोळ्यांनी, असे तिने स्पष्ट लिहून ठेवले आहे. एका देवदूताने अग्नीचे टोक असलेला सोन्याचा भाला आपल्या हृदयात खुपसला आणि त्या वेदनेतही गोडवा होता, हा तिचा अनुभव प्रसिद्ध आहे. रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात घडवलेले संगमरवरी शिल्प याच प्रसंगाचे आहे.

आज हे आपण श्रद्धेने वाचतो. तेव्हा अविलात मात्र काळजी पसरली. त्याला कारणही होते. कोर्दोबा येथील मग्दलेना दे ला क्रूझ ही धर्मभगिनी वर्षानुवर्षे दर्शनांमुळे नावाजलेली होती. राजघराण्यातील माणसेही तिला मानत. पुढे हे सगळे खोटे होते अशी तिनेच कबुली दिली आणि १५४६ साली तिला शिक्षा झाली. त्यामुळे तेरेजाच्या हितचिंतकांनी विचारविनिमय करून निर्णय दिला की हे सैतानाचे काम आहे. दर्शन झाले की त्या आकृतीकडे बोटांनी तुच्छतेची खूण करायची, अशी एका धर्मगुरूने तिला आज्ञा केली. ज्याच्यावर जीव जडला त्यालाच वेडावून दाखवायचे! तिला मरणप्राय दुःख झाले, पण तिने आज्ञा पाळली. प्रभूची मनोमन क्षमा मागत तिने ती खूण केली.

पुढे येशूसंघीय धर्मगुरूंनी आणि १५६० साली अल्कांतराचे संत पेत्र यांनी तिला धीर दिला. देवावर विश्वास ठेवून चालत राहा, असे त्यांनी सांगितले. तरी संशय पुरता गेला नाही. १५७५ साली तिचे आत्मचरित्र धर्मन्यायासनाने तपासणीसाठी ताब्यात घेतले. ते छापून प्रसिद्ध झाले तिच्या मृत्यूनंतर, १५८८ साली.

मठातील शहाणी आई

२४ ऑगस्ट १५६२ रोजी तेरेजाने अविलातच संत योसेफाच्या नावाने एक लहान, गरीब मठ सुरू केला. त्यानंतर वीस वर्षांत असे एकूण सतरा मठ तिने स्थापन केले. त्यासाठी ती खेचरांच्या गाड्यांतून उन्हापावसात प्रवास करी. घरमालकांशी व्यवहार, कर्ज, गळकी छपरे, कोर्टकचेऱ्या हे सगळे तिने स्वतः निस्तरले. संत योहान (क्रूसाचा) यांच्या साहाय्याने १५६८ साली पुरुषांसाठीही सुधारित कार्मेल मठ सुरू झाला. या मठांत मुख्य माता म्हणून ती जे वागली ते आम्हाला तिच्या दर्शनांइतकेच मोलाचे वाटते.

काही धर्मभगिनी अति उपवास करीत, रात्ररात्र जागत आणि मग अशक्तपणाने त्यांना गुंगी येई. आपल्याला समाधी लागली असे त्यांना वाटे. तेरेजाला हे लगेच ओळखता येई. समाधी आणि खुळेपणा यांसाठी स्पॅनिश भाषेत सारखे वाटणारे दोन शब्द आहेत. त्यांवर कोटी करून ती सांगे की ही दुसऱ्या प्रकारची आहे. एक बाई तर आठ-आठ तास अशी पडून राही. तिला भरपूर झोप, चांगले जेवण आणि कमी प्रायश्चित्त असा उपाय सांगितला गेला आणि तिची ती समाधी थांबली.

आणखी एका मठात दोघींना वाटू लागले की रोज ख्रिस्तशरीर मिळाले नाही तर आपण मरून जाऊ. धर्मगुरूही घाबरले. तेरेजा तिथे गेली. मलाही तशीच ओढ आहे, तेव्हा आज तिघींनीही घ्यायचे नाही आणि मरायचे तर तिघींनी मिळून मरायचे, असे तिने ठरवले. अर्थातच कोणी मेले नाही.

ज्या बहिणींना मनाच्या आजारामुळे आवाज ऐकू येत, त्यांच्याविषयी तिने मुख्य मातांना दिलेला सल्ला आजही थक्क करतो. त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. हे सैतानाचे आहे असे सांगून त्यांना घाबरवू नये. आजारी माणसाला वागवतो तसे त्यांना वागवावे. ही सूचना १५७७ साली लिहिलेल्या तिच्या ‘आंतरिक किल्ला’ या ग्रंथातील आहे. ग्रंथ लिहिताना तिच्या स्वतःच्या डोक्यात नद्या वाहत असल्यासारखा आवाज चालू होता. तोही आजारच आहे, हे तिने तिथेच नमूद केले.

मग खरे कसे ओळखायचे? तिची कसोटी साधी होती. अनुभवानंतर माणूस अधिक नम्र, शांत आणि प्रेमळ झाला का? कामाला लागला का? देवभक्तीचे फळ शेजाऱ्यावरील प्रेमात दिसले पाहिजे, मार्था आणि मरिया यांनी एकत्र राहिले पाहिजे, असे ती शिकवी.

मेंदूचे शास्त्र काय सांगते

तेरेजा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे वारली. त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाली आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरला, म्हणून तिचा सण त्या दिवशी येतो. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. त्याच समारंभात गोव्याला पवित्र देह असलेले संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संतपद मिळाले. १७२० साली मुंबईच्या ख्रिस्ती जनांची जबाबदारी तिच्याच कार्मेल संघाच्या धर्मगुरूंकडे आली. असे आपले तिच्याशी जुने नाते आहे.

काळ बदलला तसे तिच्या अनुभवाला नावही बदलले. १८९५ साली व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर यांनी तिला हिस्टेरियाच्या रुग्णांची आश्रयदाती संत म्हटले. पण ती प्रतिभावान आणि कर्तबगार होती, हेही त्यांनी मान्य केले. पुढे अपस्माराचे नाव आले. काही थोड्या रुग्णांना आकडीच्या सुरुवातीला अपार आनंद व शांती जाणवते. मेंदूच्या आतल्या ‘इन्सुला’ नावाच्या भागाशी याचा संबंध असल्याचे दिसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार, या भागाला विजेचा सूक्ष्म प्रवाह दिल्यावर एका रुग्णाला तसाच आनंद जाणवला.

२००६ साली कॅनडात ब्यूरगार्ड आणि पाकेत या संशोधकांनी तेरेजाच्याच संघातील पंधरा धर्मभगिनींच्या मेंदूची यंत्राने पाहणी केली. देवभेट आपल्या हुकमावर होत नसते, म्हणून त्यांनी आयुष्यातील सर्वांत खोल अनुभव आठवायचा असे ठरले. तेव्हा मेंदूचे एक नव्हे, अनेक भाग एकाच वेळी कार्यरत झालेले दिसले. देवाचे असे वेगळे ठिकाण मेंदूत आढळले नाही.

यावरून देव सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. आईला पाहिले की आपल्या मेंदूत हालचाल होते, म्हणून आई मेंदूने तयार केली असे कोणी म्हणत नाही. देवाने आपल्याला मेंदू दिला आहे. तो भेटला तर याच मेंदूला, याच शरीराला भेटणार. त्या अनुभवाचा अर्थ मात्र माणसे आपापल्या काळाच्या भाषेत लावतात. सैतान, हिस्टेरिया, अपस्मार ही अशीच नावे आहेत.

आपल्यासाठी बोध

आपल्या घरांत आजही आकडी येते, कुणाला आवाज ऐकू येतात. मग बाहेरची बाधा म्हणून गंडेदोरे होतात, सोयरीक मोडेल म्हणून आजार लपवला जातो. एखाद्या प्रार्थनासभेहून आल्यावर गोळ्या बंद करणारेही आमच्या पाहण्यात आहेत. बंधूभगिनींनो, असे करू नका. योग्य औषधांनी अपस्माराच्या शंभरातील सुमारे ७० रुग्णांची आकडी थांबू शकते. गोळ्या अचानक बंद केल्या तर जीवावर बेतू शकते. ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातही म्हटले आहे की भूतबाधेचा विधी करण्यापूर्वी तो आजार तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

त्याचबरोबर प्रार्थनेत कुणाचे डोळे भरून आले, कुणाला प्रभूचा स्पर्श जाणवला, तर त्याला वेडाही ठरवू नका. फळाची वाट पाहा. प्रार्थनासभेत भान हरपलेला माणूस घरी येऊन बायकोला हातभार लावतो का, रुसलेल्या भावाशी बोलतो का, ते पाहावे.

पोप सहावे पॉल यांनी २७ सप्टेंबर १९७० रोजी तेरेजाला ख्रिस्तसभेची महापंडिता घोषित केले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. चार दिवस मेल्यासारखी पडलेली, तीन वर्षे धड चालू न शकलेली ही बाई सतरा मठ उभारून गेली. तिला आजार होता की कृपा? आमच्या मते दोन्ही होते, आणि आजारामुळे कृपा अडली नाही. १५ तारखेच्या मिस्सेत आपल्या धर्मग्रामातील आकडीच्या आणि मनाच्या आजाराच्या रुग्णांची नावे मनात आणू या. मिस्सा झाल्यावर त्यांच्या घरीही एक फेरी मारू या.