कवीच्या मनातला अर्थ वाचकाला कळतो का? राजशेखराचे उत्तर आणि वाशिमचे नाते

एकाच्या मनातला अर्थ दुसऱ्याच्या मनात पोहोचतो का? सुमारे ११०० वर्षांपूर्वी राजशेखर या कवीने या प्रश्नाचा विचार केला होता.

कोण होता राजशेखर?
यायावर घराण्यातला कवी. पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचे भूषण मानले जात. राजशेखराचे नाव झाले ते मात्र कनौजच्या प्रतिहार दरबारात. राजा महेंद्रपालाचा तो गुरू होता. पत्नी अवंतिसुंदरी चौहान कुळातली विदुषी. तिच्याच इच्छेवरून ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत नाटक रंगमंचावर आले.

त्याचे म्हणणे काय?
‘काव्यमीमांसा’ ग्रंथात त्याने प्रतिभा दोन प्रकारची सांगितली. रचणाऱ्याची ती कारयित्री, समजून घेणाऱ्याची ती भावयित्री. दुसरी नसेल तर कवीचे श्रम वाया जातात. वाचकही चार तऱ्हेचे: काहीच न रुचणारा, सगळेच गोड मानणारा, मत्सराने गुण झाकणारा आणि मर्म जाणणारा. हा शेवटचा हजारात एखादाच.

वाशिमचा संबंध काय?
या ग्रंथातल्या कथेत रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे साहित्यविद्या देशोदेशी फिरते. अखेर दोघांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागते. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, एकेकाळची वाकाटकांची राजधानी.

ग्रंथाचे पुढे काय झाले?
बेत १८ भागांचा होता, आज पहिलाच भाग उपलब्ध आहे. तो बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९१६ मध्ये छापला गेला. समजून घेणाऱ्या वाचकाचे मोल सांगणाऱ्या राजशेखराला छापील वाचक मिळायला हजार वर्षे लागली.